हिरवा बावटा दाखवून झाल्यावर

पोलीस खात्याला नव्या गाड्या मिळतात तेव्हा सोहळा होतो. पणजीत गाड्या ओळीनं लागतात, बोनेटवर झेंडूच्या माळा चढतात, मुख्यमंत्री हिरवा बावटा दाखवतात, सायरन वाजवत ताफा निघतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. या सोहळ्याला माझी हरकत नाही. गाड्या हव्याच आहेत. मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या दहा वर्षांबद्दल. पोलिसांच्या गाड्या खिळखिळ्या का होतात, याचं मला दिसणारं कारण असं, की खरेदी लहर आल्यासारखी एकदम होते आणि दोन खरेद्यांच्या मधल्या काळाला कुणी वालीच नसतो. एका वर्षी गाड्यांचा लोंढा येतो, तो सगळा एकदमच जुना होतो, आणि मग पुन्हा एखादी मोठी घटना घडेपर्यंत पोलीस त्याच गाड्या रेटत राहतात.

आपल्या राज्याला हे परवडणारं नाही. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा, नकाशावर बोटभर, त्यामुळं बाहेरच्याला वाटतं की इथं पोलिसांना धावायला अंतर ते कितीसं! पण इथलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. सत्तरीतल्या पोलिसाला चोर्ला घाट चढावा लागतो, काणकोणच्या पोलिसाला करमल घाट ओलांडल्याशिवाय मडगाव दिसत नाही, दिवाडीला जायचं तर फेरीबोटीची वाट बघावी लागते, आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यात कळंगुट-बागा रस्त्यावर सायरन वाजवूनही गाडी पुढं सरकत नाही. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. किनाऱ्यावरचा खारा वारा पत्रा आतून खातो. वरून रंग ठणठणीत दिसतो आणि दार उघडलं की खालची कड हातात येते. २०११च्या जनगणनेत आपली लोकसंख्या होती १४ लाख ५८ हजार. पर्यटक येतात वर्षाला कोटीच्या घरात. वस्ती एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी आणि वर्दळ महानगराची, असं हे गणित आहे. रस्त्यावरच्या अपघातांत दरवर्षी अडीचशे-तीनशे माणसं जातात. ११२ वर फोन करणाऱ्याला पलीकडून कितीही चटकन उत्तर मिळालं, तरी शेवटी त्याच्यापर्यंत पोहोचते ती गाडीच. ती निघाली नाही तर नियंत्रण कक्षातले सगळे पडदे आणि नकाशे व्यर्थ.

पोलीस स्थानकाची गाडी दिवसभर काय करते हे आपण बारकाईनं बघत नाही. काणकोणचंच धरा. आदल्या रात्री एखादा संशयित पकडला असेल तर सकाळी त्याची वैद्यकीय तपासणी. मग न्यायालय. न्यायालयीन कोठडी झाली तर कोलवाळचं मध्यवर्ती कारागृह, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला, जायला नव्वदेक किलोमीटर आणि यायला तेवढेच. त्याच दिवशी महामार्गावर अपघात झाला तर पंचनाम्याला धावायचं, आणि माणूस दगावला असेल तर शवचिकित्सेसाठी मडगावच्या जिल्हा इस्पितळात नाहीतर थेट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. बांबोळी इथून साठ किलोमीटरच्या वर. मधेच कुणी मंत्री कारवारकडे निघाला तर पोळे चेकनाक्यापर्यंत बंदोबस्त. संध्याकाळी पाळोळे आणि आगोंदच्या किनाऱ्यावर फेरी. रात्री गस्त. आणि नेमका त्याच वेळी खोतीगाव किंवा गावडोंगरीतून फोन आला, की दारू पिऊन भाऊ भावाच्या अंगावर कोयता घेऊन धावलाय, तर गाडी कुठं असते? ती कोलवाळहून परतीच्या वाटेवर झुआरी पुलावर असते.

एक गाडी बंद पडते तेव्हा एवढ्या सगळ्या गोष्टी एकदम बंद पडतात. कागदावर मात्र तिची नोंद 'दुरुस्तीसाठी' एवढीच.

मी हे ऐकीव लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या वळणावर रात्री अपघात झाला. दोन तरुण रस्त्यात पडलेले, मागून ट्रक येत होते, आणि आम्ही तिघं-चौघं मोबाइलचे दिवे हलवत वाहनं थांबवत होतो. रुग्णवाहिका आधी आली. पोलीस आले ते त्यानंतर बऱ्याच वेळानं, आणि आले ते खासगी दुचाकीवरून. स्थानकाची गाडी सेल्फ घेत नव्हती. दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला गेलो तेव्हा ती अंगणात उभी होती. मागच्या चाकाला चिऱ्याचा तुकडा लावलेला. पुढचे दोन्ही टायर झिजून गुळगुळीत. चालकाच्या बाजूचा वायपर तारेनं बांधलेला, डाव्या बाजूला वायपरच नाही, आणि ते दिवस मृगाचे. डॅशबोर्डवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लॉगबुक ठेवलेलं, कारण काचेच्या रबरातून पाणी आत यायचं. चालक पन्नाशीतला. त्याला राग आला नव्हता. त्याला लाज वाटत होती, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बॅटरीसाठी वर लिहून पाठवलंय, मंजुरी यायचीय, एवढंच तो म्हणाला. ज्या माणसावर आपण रात्रीअपरात्री विसंबतो, त्याला सरकारनं बॅटरीसाठी अर्ज करत बसवावं याचं मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

आता जुनी गाडी म्हणजे नेमकी केवढी जुनी? केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी आपोआप संपेल, त्या नोंदणीकृत केंद्रातच मोडीत काढाव्या लागतील, असं ठरवलं. त्यात एक सवलत आहे: देशाच्या संरक्षणासाठी, कायदा-सुव्यवस्थेसाठी आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वापरली जाणारी चिलखती आणि इतर विशेष वाहनं यातून वगळली आहेत. सवलत योग्यच आहे. चिलखती गाडी किंवा पाण्याचा मारा करणारी गाडी वर्षात मोजके दिवस बाहेर पडते, तिला कॅलेंडर लावणं चुकीचं. पण गस्तीची साधी जीप या सवलतीखाली कुणी झाकू नये. तिच्यात विशेष काही नसतं. वर दिवा आणि आत वायरलेस.

मुळात पंधरा वर्षं ही मर्यादाच पोलिसांच्या गाडीला लागू पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. घरची गाडी वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालते. पंधरा वर्षांत झाले पावणेदोन लाख. गस्तीची गाडी रोज सरासरी दीडशे किलोमीटर चालली तर वर्षाला पंचावन्न हजार होतात आणि सहाव्या वर्षाच्या अखेरीस काटा सव्वातीन लाखांवर जातो. त्यात चालक एक नसतो. तीन पाळ्यांत तीन माणसं, तिघांचा क्लच वेगळा. शिवाय नाक्यावर उभी असताना एंजिन चालू ठेवावं लागतं, नाहीतर दिवा आणि वायरलेस मिळून बॅटरी खाऊन टाकतात. ते तास किलोमीटरच्या काट्यावर उमटतच नाहीत. म्हणून पोलिसांच्या गाडीचं वय वर्षांत मोजू नये. किलोमीटर, एंजिनचे तास आणि दुरुस्तीवर झालेला खर्च, या तिन्हींवरून ठरवावं, आणि सात-आठ वर्षांच्या पुढं गस्तीला ती पाठवूच नये. पंधरा वर्षं ही कायद्यानं घातलेली शेवटची रेघ आहे. ती गाठेपर्यंत थांबायचं, असा तिचा अर्थ कुणी काढू नये.

सुरक्षेची बाजू तर मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस ब्रेक, म्हणजे जोरात दाबले तरी चाकं जाम होऊ न देणारे ब्रेक, सक्तीचे झाले. त्याच वर्षी १ जुलैपासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्ट न लावल्यास वाजणारा इशारा, वेग वाढल्याचा इशारा आणि मागचे सेन्सर सक्तीचे झाले. जिप्सी, सुमो, ओम्नी, म्हणजे देशभरच्या पोलीस स्थानकांसमोर आपण वर्षानुवर्षं बघितलेल्या गाड्या, २०१९ मध्येच बनायच्या बंद झाल्या. त्याआधीच्या खरेदीतल्या गाडीत यातलं बहुतेक काही नसतं, आणि त्यांचे सुटे भागही वर्षागणिक दुर्मीळ होत जातात. महामार्गावर आपल्याला सीटबेल्टसाठी अडवणारा हवालदार स्वतः घाटात उतरतो तो एअरबॅग नसलेल्या, मागच्या बाकावर पट्टा नसलेल्या गाडीतून. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम २१० ब आलं. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेनंच कायदा मोडला तर तिला दुप्पट दंड, असं ते सांगतं. संसदेनं हा नियम विचारपूर्वक केला. मग गुळगुळीत टायरची, एकाच हेडलाइटची, प्रदूषण प्रमाणपत्र संपलेली पोलीस गाडी रस्त्यावर दिसली तर तो दुप्पट दंड कुणी भरायचा? त्या चालकानं? त्याच्या पगारातून? गाडी देणाऱ्यानंच ती रस्त्यावर चालवण्यालायक ठेवली पाहिजे.

याच्या जोडीला कामही वाढलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे, असं कलम १७६ (३) सांगतं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. झडतीचं चित्रीकरण करायचं. बलात्कारपीडितेला चोवीस तासांच्या आत वैद्यकीय तपासणीला न्यायचं, हा नियम तर आधीपासूनच आहे. हे सगळं चांगलं आहे, आणि यातलं एकही काम गाडीशिवाय होत नाही. तज्ज्ञ प्रयोगशाळेतून निघून कुळ्याच्या जंगलालगतच्या घटनास्थळी वेळेत पोहोचला नाही, आणि मधे पावसाची एक सर येऊन गेली, तर कायद्यात लिहिलेला पुरावा चिखलात जातो.

मग गाड्या का येत नाहीत? पैसा नाही म्हणून, हे उत्तर अर्धंच खरं आहे. राज्यांच्या पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्राची योजना १९६९-७० पासून चालू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रानं २०२५-२६ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी २६,२७५ कोटींच्या एकत्रित योजनेला मंजुरी दिली, त्यातले ४,८४६ कोटी राज्यांच्या पोलिसांच्या आधुनिकीकरणासाठी होते. जुन्या सरकारी गाड्या मोडीत काढणाऱ्या राज्यांना पन्नास वर्षांच्या बिनव्याजी भांडवली कर्जात प्रोत्साहन देण्याचीही सोय केंद्रानं केली. देशभरचं चित्र मात्र वेगळं आहे. २०१५ च्या सुरुवातीला राज्यांच्या पोलिसांकडं गरजेपेक्षा सुमारे तीस टक्के गाड्या कमी होत्या, असं पोलीस संशोधन व विकास ब्यूरोच्या आकडेवारीतून दिसत होतं. आणि निरनिराळ्या राज्यांतल्या लेखापरीक्षणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढं आली: नव्या गाड्या येतात, पण मोडीत निघणाऱ्या गाड्यांची जागा भरण्यातच त्या संपतात, आणि ज्या उरतात त्यांना चालक नसतो.

नेमकं इथंच घोडं पेंड खातं. गाडी ही एकदा घेऊन विसरायची वस्तू असल्यासारखा तिचा हिशेब होतो. खरेदीचा पैसा भांडवली खर्चातून येतो, तो केंद्रालाही दाखवता येतो आणि समारंभातही. तेल, टायर, बॅटरी, क्लच प्लेट हा सगळा महसुली, म्हणजे रोजच्या चालवण्याचा खर्च. त्याला हार चढत नाहीत, आणि काटकसरीचं परिपत्रक निघालं की पहिली कात्री तिथं लागते. खासगी गॅरेजवाल्याची जुनी बिलं थकली की तो पुढची गाडी आत घेत नाही. मी त्याला दोष देत नाही, त्यालाही पोट आहे.

आणखी एक गोष्ट गोव्यापुरती खास आहे, तिच्यावर फारसं बोललं जात नाही. आपल्याला स्वतःचं आयपीएस केडर नाही. आपले वरिष्ठ पोलीस अधिकारी अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश अशा संयुक्त केडरमधून येतात. कुणी दिल्लीहून येतो, दोन-तीन वर्षं इथं काढतो आणि पुन्हा दिल्लीला किंवा इटानगरला जातो. त्यांच्यात उत्तम अधिकारी आलेत, त्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण गाड्यांचं नियोजन दहा वर्षांचं असतं. गाड्या बदलण्याचं आज जे ठरेल त्याचं फळ दिसायला लागेल तेव्हा ठरवणारा गोव्यात नसणार, आणि आज जो अधिकारी मोडक्या ताफ्याशी झगडतोय त्यानं ती चूक केलेली नाही. म्हणून ही योजना कुणा अधिकाऱ्याच्या उत्साहावर सोडता येणार नाही. ती अर्थसंकल्पात, स्वतंत्र शीर्षाखाली, दरवर्षी दिसली पाहिजे.

माझी सूचना साधी आहे. ताफ्यातल्या गाड्यांचा आठवा हिस्सा दरवर्षी बदला. निवडणुकीचं वर्ष असो वा नसो. पावसाळ्याच्या आधी आपण घराची कौलं परततो, फुटलेली तेवढी बदलतो. सगळं छप्पर खाली येईपर्यंत वाट बघत नाही. असं केलं तर कुठल्याही एका वर्षी तिजोरीवर मोठा बोजा येत नाही, सगळा ताफा एकदम म्हातारा होत नाही, मोडीत निघायच्या गाड्यांना निदान बरी किंमत येते आणि कार्यशाळेला पुढच्या वर्षी कुठले सुटे भाग लागणार हे आधी कळतं. सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून दरवर्षी ठरावीक संख्या घेणं हे एकदम मोठा लोंढा घेण्यापेक्षा अवघडही नाही.

खरेदीइतकाच महत्त्वाचा आहे तो वाटपाचा क्रम. कोणत्याही सरकारी खात्यात नवी गाडी वरून खाली उतरते. आधी साहेबाकडं, मग उपसाहेबाकडं, आणि पाच-सहा वर्षांनी आवाज यायला लागला की फिरत फिरत आडवळणाच्या कार्यालयात. पोलिसांत हा क्रम उलटाच हवा. जिथं रस्ता खराब, अंतर जास्त आणि मदत दूर, तिथं नवी गाडी पहिली गेली पाहिजे. पणजीत गाडी बंद पडली तर दहा मिनिटांत दुसरी येते. मोले-कुळे भागात रात्री दोन वाजता बंद पडली तर मोबाइलला रेंजही मिळेल याची खात्री नाही. मुख्यालयात फाइल घेऊन फिरणाऱ्या गाडीला एबीएसची जेवढी गरज आहे त्याहून कितीतरी जास्त ती घाटात उतरणाऱ्या गाडीला आहे. कार्यालयीन कामाच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्या तर भाडेतत्त्वावरही चालतील. त्या विकत घेण्यात अडकलेला पैसा गस्तीच्या गाड्यांकडं वळवावा.

कुठली गाडी घ्यायची, हेही मुख्यालयात बसून ठरू नये. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्यातल्या नाइट क्लबला आग लागली आणि पंचवीस माणसं गेली. अरुंद वाटेमुळं अग्निशमन दलाचे बंब दूर थांबवावे लागले, हे त्यानंतर सगळ्यांनी वाचलं. त्या आगीला जबाबदार गोष्टी वेगळ्या आहेत आणि बऱ्याच आहेत. पण किनारी भागातल्या वाटा किती रुंद आहेत हा धडा पोलिसांच्या खरेदीलाही लागू आहे. सहा फूट रुंदीची दिमाखदार एसयूव्ही हणजूण-वागातोरच्या गल्लीत समोरून एक रेंट-अ-कार आली की अडकते. तिथं दोन चपळ मोटरसायकली आणि एक छोटी मोटार जास्त कामाच्या. सांगे-धारबांदोड्यात उलट, तिथं उंच आणि चारही चाकं ओढणारी गाडीच हवी. एकाच मॉडेलच्या गाड्या घाऊक भावात घेतल्या की दर कमी पडतो, सुटे भाग सारखे राहतात, हा मुद्दा खरा आहे, मला मान्य आहे. म्हणून तीन-चार प्रकार ठरवा, तीसच नकोत. पण प्रकार ठरवताना गाडी चालवणाऱ्याला बोलवा. कुठल्या रस्त्यावर कुठल्या गाडीचा तळ घासतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

विजेच्या गाड्यांचं काय, असं कुणीही विचारेल. मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांनी २०२३ मध्ये जाहीर केलं होतं, की जानेवारी २०२४ पासून सरकारच्या नव्या गाड्या विजेवरच्या असतील. दिशा मला पटते. गोव्यासारखं आटोपशीर राज्य विजेच्या गाड्यांना सोयीचं आहे. उत्तर टोकाच्या पत्रादेवीहून निघून दक्षिण टोकाच्या पोळ्याला पोहोचेपर्यंत आजच्या चांगल्या गाडीचं चार्जिंग संपत नाही. वाहतूक पोलिसांच्या मोटरसायकली, पणजी-मडगाव-म्हापशातली शहरी गस्त, किनाऱ्यावरची फेरी, यांना वीज आजच चालेल, आणि बंद एंजिनावर दिवा व वायरलेस चालू ठेवता येणं हा तर मोठाच फायदा. पण चोवीस तास तीन पाळ्यांत फिरणाऱ्या गाडीला चार्जिंगसाठी उभं करायला वेळ कुठून आणणार? आणि जुलैमध्ये सत्तरीत झाड पडून रात्रभर वीज गेली, म्हणजे ज्या रात्री पोलिसांची सर्वाधिक गरज असते त्याच रात्री, चार्जर काय करणार? अंतर्भागातल्या स्थानकांना आधी चार्जर आणि जनरेटरची सोय करा, मग गाडी द्या. तोवर तिथं डिझेल राहू द्या. पर्यावरणाची काळजी मलाही आहे. पण ती काळजी वाळपईतल्या एखाद्या बाईनं फोन करून वाट बघत बसून वाहायची नाही.

काही जाणकारांचं म्हणणं असतं, की आता गुन्हे मोबाइलवर होतात, पैसा सायबर विभागात घाला, गाड्यांत कशाला. सायबर विभाग हवाच. माणसं आयुष्यभराची पुंजी एका फोनवर गमावतायत. तरीही नवरा बायकोला मारतो तो घरात, पर्यटकांची हाणामारी होते ती रस्त्यावर, आणि भरधाव रेंट-अ-कार माणसाला उडवते ती वळणावर. या तिन्ही ठिकाणी संगणक पोहोचत नाही. अर्थसंकल्पातल्या दोन गरजांची एकमेकींशी झुंज लावून दोन्ही उपाशी ठेवायची ही सवय आपण सोडायला हवी.

चालकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. गाडी नवी आली आणि चालक नसला तर ती अंगणातच गंजते. आहे तो चालक बारा-बारा तास बसतो, बंदोबस्ताच्या दिवसांत त्याहून जास्त. शिगमो, कार्निव्हल, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जुने गोवे, चवथीची विसर्जनं, जत्रा, वर्षाचे किती दिवस असे असतात ते मोजा. त्याला घाटात, पावसात, गर्दीत गाडी चालवण्याचं वेगळं प्रशिक्षण हवं. वाळपईला पोलीस प्रशिक्षण विद्यालय आहे, तिथं हा अभ्यासक्रम चालवता येईल. आणि खात्याच्या स्वतःच्या कार्यशाळेत आयटीआय झालेली आपलीच गोमंतकीय मुलं घ्या. नव्या गाड्यांत निम्मं काम संगणकाचं असतं, त्या मुलांना ते येतं. बॅटरी आणि टायरसारख्या खर्चाची मंजुरी स्थानकाच्या निरीक्षकाच्या हातात द्या, ठरावीक रकमेपर्यंत, आणि हिशेब नंतर तपासा.

बोटींचाही प्रश्न याच जातीचा. २६/११ च्या हल्ल्यानंतर किनारपट्टीच्या राज्यांना वेगवान गस्ती बोटी देण्याचा वेग वाढला. त्यातल्या अनेक बोटी वास्कोच्याच गोवा शिपयार्डमध्ये बांधल्या गेल्या. बांधणारा कारखाना दारात असलेल्या राज्यात बोट देखभालीअभावी धक्क्याला बांधून ठेवावी लागू नये. कार्यशाळेचा करार बोट घेतानाच, तिच्या संपूर्ण आयुष्यासाठी, झाला पाहिजे.

पुढच्या अधिवेशनात पर्वरीच्या विधानसभेत चाळीसांपैकी एका आमदारानं, सत्ताधारी असो वा विरोधी, पोलीस स्थानकनिहाय एक तक्ता पटलावर मागावा: गाडी कुठल्या वर्षाची, किती किलोमीटर चालली, गेल्या बारा महिन्यांत किती दिवस बंद होती, तिला किती चालक आहेत. यात गुप्त असं काही नाही; कुठली गाडी कुठं गस्त घालते हे कुणी विचारत नाहीये. तो तक्ता दरवर्षी खात्याच्या संकेतस्थळावर टाकावा, म्हणजे ग्रामसभेत पंचांना आणि आम्हाला आपल्या स्थानकापुरता जाब विचारता येईल. आणि पुढचा लॉट येईल तेव्हा वाटपाची यादी बावटा दाखवण्याच्या आधी जाहीर व्हावी: कुळे, सांगे, काणकोण, वाळपई पहिल्या पानावर, मुख्यालय शेवटच्या.